बुलढाण्याची ताराबाई आणि फ्लोरिडाची झोरा

एम.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतले तेव्हा मूर्तिजापूरच्या आमच्या आळीत एकच प्रश्न विचारला गेला : "नोकरी लागते काय त्याच्यात?" अमरावतीला आल्यावर वर्गमैत्रिणींचा प्रश्न निराळा होता. अमेरिकेतल्या काळ्यागोऱ्यांच्या भांडणाशी आपल्याला काय कर्तव्य? वंश, स्त्रीत्व आणि अस्मिता हा विषय मी अभ्यासासाठी घेतला, त्याचे उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्याचे उत्तर अजून मिळायचे आहे!

प्रथम एक गैरसमज दूर करू. वंश म्हणजे जात नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच जातीची वांशिक उपपत्ती नाकारली होती. परंतु एखाद्याला जन्मावरून खालचा ठरवायचे आणि मग त्याची भाषा, त्याचे अन्न, त्याचे देव हेही खालचे ठरवायचे, ही रीत मात्र दोन्हीकडे सारखी आहे. महात्मा फुल्यांनी ते फार लवकर ओळखले. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली, तिचे नावच 'ब्लॅक पँथर'वरून आले. हा इतिहास वाचकांना परिचित आहे, म्हणून मी तेथे रेंगाळत नाही. मला सांगायचे आहे ते दोन बायकांविषयी.

पहिली आपल्याच वऱ्हाडातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्यावरून समस्त स्त्रीजात कशी बिघडली आहे, याची चर्चा पुरुषांनी सुरू केली. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्या चर्चेला असे काही फटकारले की आजही वाचताना अंगावर काटा येतो. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते तुमच्यात किती, हा त्यांचा साधा सवाल. भाषा घरातली, चुलीपुढची, शिव्याशापांना न लाजणारी. फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे सारे शांत. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला ताराबाई आठवल्या.

दुसरी झोरा नील हर्स्टन. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या केवळ कृष्णवर्णीयांच्या गावात ती वाढली. १९३७ साली तिची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. नायिका जेनी तीन लग्नांतून स्वतःचा शोध घेते आणि बोलते ती आपल्या गावच्या बोलीत. यावर रिचर्ड राइटसारख्या थोर कृष्णवर्णीय लेखकानेच टीका केली. गोऱ्यांना हसवायला ही बोली वापरली, असा त्याचा रोख. झोरा १९६० साली दारिद्र्यात वारली. कबरीवर नाव नव्हते. ती कबर हुडकून १९७३ साली अ‍ॅलिस वॉकरने दगड बसवला आणि त्यावर लेख लिहिला, तो साल १९७५!

दोघी एकाच वर्षी परतल्या हा योगायोग म्हणा. दोघी विसरल्या गेल्या हा मात्र योगायोग मानायला मी तयार नाही. राइटला वंशाचा प्रश्न दिसला, बाईचा निसटला.

गोऱ्या बाईला सगळे दिसले असेही नाही. व्हर्जिनिया वूल्फचे १९२९ चे 'अ रूम ऑफ वन्स ओन' आपण सारेच वाचतो. लिहायला बाईला स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. ठीक. पण त्या पुस्तकातल्या निवेदिकेला ते पाचशे पौंड मिळतात कोठून? तिची आत्या घोड्यावरून पडून मेली, तिच्या वारशातून. ती पडली कुठे, तर मुंबईत! साहेबाच्या राज्यातल्या मुंबईत. परीक्षेत हे कोणी विचारत नाही. मला मात्र त्या ओळीपाशी थांबावेसे वाटले.

आता माझी गोष्ट. शाळेत असताना मी "मले" म्हटले की छडी नव्हे, पण हशा मिळे. मी "मला" शिकले. इतके की घरीही अडखळू लागले. म्हणून जेनीचे काही संवाद मराठीत आणायला बसले तेव्हा हात आपोआप प्रमाण भाषेकडे गेला. जेनी एकदम पुण्याची शिक्षिका झाली. कागद फाडला. मग उद्धव शेळक्यांची 'धग' पुन्हा काढली. त्यांच्या कौतिकने १९६० सालीच दाखवून दिले होते की वऱ्हाडी ही केवळ विनोदाची बोली नव्हे. तीत बाईचे सारे दुःख मावते. झोरा वारली त्याच वर्षी ही कादंबरी आली.

सुट्टीत घरी अनुवाद वाचत होते. आजीने विचारले, "काय वाचून रायली व?" मी जेनीच्या दुसऱ्या नवऱ्याची हकीकत सांगितली. दुकानात येणाऱ्या पुरुषांना तिचे केस दिसू नयेत म्हणून तो तिला डोक्याला फडके बांधायला लावतो.

"मंग पदरच म्हन ना," आजी म्हणाली.

पदर म्हटले की जेनी आपल्या घरातली होते, पण तिचा देश सुटतो. फडके म्हटले की देश राहतो आणि आजीला ते बोचत नाही. वहीत मी दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत. प्राध्यापक म्हणतात, एक खोडावा लागेल.