डोंगरातले लोह आणि रक्तातले लोह

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम आहे, आणि शेजारच्या एटापल्ली तालुक्यात ज्याच्या पोटात लोहखनिजाचा मोठा साठा आहे तो सुरजागडचा डोंगर उभा आहे. अशा मुलखातल्या स्त्रियांच्या आणि मुलांच्या रक्तात लोहाची उणीव असावी, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. एखादा पदार्थ जवळ असणे, तो पोटात जाणे आणि तो रक्तात पोचणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. खनिजांविषयीचे आपले बहुतेक गैरसमज या एका विस्मरणातून उपजले आहेत.

गैरसमज : लाल मातीच्या प्रदेशात लोहाची कमतरता होत नाही, मूल माती खात असेल तर त्याला लोह आपोआप मिळते.

वस्तुस्थिती : प्रौढ मनुष्याच्या देहात अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते; परंतु फुप्फुसांतला प्राणवायू सर्वांगास पोचविणारे हिमोग्लोबिन त्यावाचून घडत नाही. खडकातले आणि मातीतले लोह आतड्यांना जवळजवळ शोषताच येत नाही. माती खाण्याची ओढ हीच मुळात पुष्कळदा लोहाच्या उणिवेची खूण असते, आणि त्या मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जाऊन दुखणे वाढते. अनवाणी चालताना तळव्याच्या कातडीतून देहात शिरणारे अंकुशकृमी आतड्यांना चिकटून रोज थोडेथोडे रक्त शोषतात, आणि या रानात ठाण मांडून बसलेला हिवताप रक्तपेशींचा नाश करतो. म्हणून येथे आहाराइतकेच महत्त्व चपलेला, शौचालयाला, मच्छरदाणीला आणि जंतांच्या गोळीला आहे.

गैरसमज : बाईमाणसाला थकवा असायचाच, त्याला दवाखाना कशाला?

वस्तुस्थिती : गावातली आरोग्य स्वयंसेविका आशाताई गरोदर बाईच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून पाहते, तेव्हा आतली त्वचा तांबूस असावी तिथे कधी कधी धुतलेल्या कापडासारखी पांढुरकी दिसते. परंतु नजरेचा अंदाज चुकतो, म्हणून रक्त तपासणे अवश्य आहे. दर डेसिलिटर रक्तातले हिमोग्लोबिन गरोदरपणी ११ ग्रॅमच्या आणि एरवी प्रौढ स्त्रीमध्ये १२ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय होय. अशा स्त्रीला बाळंतपणातला साधा रक्तस्रावही प्राणघातक ठरू शकतो, आणि तिचे मूल कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते.

गैरसमज : लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, म्हणजे ती अंगाला बाधते, शिवाय पोटातले मूल फार मोठे होते.

वस्तुस्थिती : न शोषलेले लोह बाहेर पडते, म्हणून मळ काळा होतो, त्यात अपाय काही नाही. गोळीने मूल अवाजवी वाढत नाही. सरकारी दवाखान्यातल्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, आणि गरोदरपणी ती निदान १८० दिवस घ्यावयाची असते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. चहासोबत वा कॅल्शियमच्या गोळीसोबत मात्र घेऊ नये, कारण दोन्हींमुळे लोहाचे शोषण घटते. लिंबू, आवळा यांसारखे आंबट जिन्नस ते वाढवितात.

गैरसमज : रक्त कमी म्हणजे लोह कमी.

वस्तुस्थिती : गडचिरोली जिल्ह्यात हा समज विशेष घातक आहे, कारण येथल्या अनेक समाजांत सिकलसेलचा आनुवंशिक दोष आहे. आईबाप दोघांकडून तो दोष आलेल्या मुलाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अकाली फुटतात. तेथे केवळ लोहाने गुण येत नाही. ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढविले जाते, त्याच्या देहात तर लोह साचून अपाय होऊ शकतो. म्हणून गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, सांधे ठणकत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी आणि पुढील औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

गैरसमज : मीठ कोणतेही असो, सारखेच.

वस्तुस्थिती : या रानात मिठाच्या मोबदल्यात चारोळीसारखे मोलाचे जिन्नस व्यापारी उचलून नेत असत, इतके मीठ दुर्मीळ होते. आज ते मुबलक आहे, पण त्यात आयोडीन आहे की नाही हा प्रश्न उरतोच. माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते न मिळाल्यास गलगंड तर होतोच, परंतु गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, ही हानी अधिक मोठी आणि पुढे भरून न येणारी आहे. पावसाळी हवेत उघड्या पोत्यातल्या मिठाला पाणी सुटते, आणि त्या पाझरासोबत आयोडीनही निघून जाते. पाकीटबंद आयोडीनयुक्त मीठ घ्यावे, झाकणाच्या कोरड्या बरणीत चुलीपासून दूर ठेवावे.

गैरसमज : दूध नसेल तर हाडांना कॅल्शियम मिळणार नाही.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळीही त्याची उत्तम पुरवठादार आहे. रानातले हे जुने अन्न मागासलेले समजून ताटातून हद्दपार करणे, हे आरोग्याचे नुकसान आहे.

गैरसमज : जुलाबात मुलाला फक्त मीठ-साखरेचे पाणी पुरे.

वस्तुस्थिती : ते पाणी प्राण वाचविते, परंतु त्याच्या जोडीस सहा महिन्यांवरील मुलाला दररोज २० मिलिग्रॅम जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी ती मध्येच सोडू नये, कारण तिने आतड्यांची झीज भरून निघते आणि पुन्हा जुलाब होण्याची भीती कमी होते.

वर सांगितलेल्या गोळ्या महाग नाहीत. अडचण आहे ती पोचण्याची. दरवर्षी पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि जुलाब व हिवताप यांचा हंगामही नेमका तोच असतो. म्हणून मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीच प्रत्येक पाड्यावर लोहाच्या, जंतांच्या आणि जस्ताच्या गोळ्यांचा पुरेसा साठा, आणि तो कुणाला किती द्यावयाचा हे जाणणारे एक माणूस, असा बंदोबस्त झाला पाहिजे.