आयपीस: महाग की स्वस्त?

मागच्या डिसेंबरात आमच्या आकाशदर्शन ग्रुपमध्ये जवळजवळ भांडणच झालं. वर्गणीतून अकरा हजार जमले होते आणि प्रश्न एवढाच होता, की दुर्बिणीसाठी आयपीस कुठले घ्यायचे? एक गट म्हणे, "अजून पैसे साठवू, पण घेऊ तर एकच आणि एकदम भारी!" दुसरा म्हणे, "साधे दोन घ्या आणि मोकळे व्हा." रात्री दोनपर्यंत गच्चीवर वाद चालला. शेवटी रेक्टर सरांनीच सगळ्यांना खाली हाकललं.

तर मंडळी, आधी थोडं बेसिक. (घाबरू नका, एक भागाकार आला तरी पुरे.) आरशाचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे पॉवर. आमची दुर्बीण ६ इंची, नाभीय अंतर ७५० मिमी. २५ मिमीचा आयपीस लावला की ३० पट, ५ मिमीचा लावला की १५० पट. म्हणजे स्वस्त ५ मिमी काय आणि महाग ५ मिमी काय, पॉवर तीच! मग जास्तीचे पैसे कशाचे?

मुख्यतः रुंदीचे. साधा पण चांगला आयपीस म्हणजे प्लॉसल. व्हिएन्नाच्या गेऑर्ग प्लॉसलने १८६० साली काढलेली ही रचना. चार भिंगं आणि साधारण ५० अंशांचं दृश्य. पुढे अमेरिकेत अल नॅग्लर नावाचा गृहस्थ, जो आधी अपोलोच्या अंतराळवीरांच्या सिम्युलेटरसाठी ऑप्टिक्स बनवत होता, त्याने १९७७ साली टेली व्ह्यू कंपनी काढली आणि १९८० च्या सुमारास ८२ अंशांचा आयपीस आणला. खिडकीतून बघणं आणि गॅलरीत उभं राहून बघणं, इतका फरक! किंमत मात्र प्लॉसलच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त.

ही रुंदी निव्वळ चैन नाही बरं का. आमच्या दुर्बिणीला मोटर नाही, हातानेच ढकलायची. आकाश मिनिटाला साधारण १५ कला सरकतं. १५० पटीला प्लॉसलमध्ये २० कलांचं आकाश मावतं, म्हणजे गुरू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ८० सेकंदांत जातो. ८२ अंशांच्या आयपीसमध्ये त्याला १३० सेकंद लागतात. फर्स्ट इयरची पन्नास पोरं रांगेत असली, की हे ५० सेकंद फार मोठे वाटतात.

आमचा एक पासआउट सीनियर त्याचा ८२ अंशांचा आयपीस आठवड्यासाठी देऊन गेला, तेव्हा खरी परीक्षा झाली. गुरू मधोमध ठेवला आणि प्लॉसल आणि तो आलटून पालटून लावले. दोन्हींत तेच पट्टे, तेच चार चंद्र. कुठला लावलाय हे न सांगता सहा जणांना दाखवलं, मधल्या चित्रावरून कोणालाच ओळखता आलं नाही!

कडेला मात्र गंमत. कोणीतरी एक स्वस्तातला 'वाइड अँगल' आणला होता. त्यात कडेचे तारे पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे दिसत होते. याचं कारण आयपीसइतकंच आमच्या आरशातही आहे. ७५० मिमी भागिले १५० मिमी म्हणजे एफ ५. एवढ्या उतरत्या कोनातून येणारी किरणं स्वस्त रुंद आयपीसला कडेला सांभाळता येत नाहीत. हाच आयपीस एफ १० च्या दुर्बिणीला लावा, बराच शहाण्यासारखा वागेल. महागड्यात पक्षी गायब झाले, पण ताऱ्यांना बारीक शेपट्या राहिल्याच. तो आरशाचा स्वतःचा दोष, कोमा. तो कुठलाही आयपीस काढत नाही.

आणि हवा? दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडतो. चित्र पातेल्यातल्या उकळत्या पाण्यासारखं हलतं. तिथे लाखाचा आयपीसही काय करणार!

राहिले चष्मेवाले. ५ मिमीच्या प्लॉसलला डोळा जेमतेम साडेतीन मिमीवर न्यावा लागतो, पापण्या काचेला घासतात. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा आणि फोकस फिरवा, काम होतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र पंचाईत, कारण ते फोकसने जात नाही. त्यांना २५ मिमीचा उत्तम.

शेवटी आम्ही २५ आणि १० मिमीचे दोन प्लॉसल आणि एक २ पट बार्लो घेतला. बार्लो पॉवर दुप्पट करतो, आणि एफ ५ च्या किरणांचा कोन एफ १० इतका करून देतो, त्यामुळे साधा आयपीसही कडेला सुधारतो. अकरा हजारांतून पैसे उरले. एक चूक केलीच! बार्लोसकट आमच्याकडे ३०, ६०, ७५ आणि १५० पट आले. ६० आणि ७५ मध्ये फरक तो काय? १० ऐवजी ८ मिमीचा घेतला असता तर ३०, ६०, ९४ आणि १८८ मिळाले असते. भारी गटाचा पुढारी हे अजून दर शनिवारी ऐकवतो.

त्याचाही एक मुद्दा खरा आहे. दुर्बीण बदलली तरी चांगला आयपीस वीस-वीस वर्षं सोबत राहतो. स्वतःच्या पगारातून घेणाऱ्याने जरूर घ्यावा. पण ज्या आयपीसला रोज पन्नास जणांच्या पापण्या आणि मेसच्या भज्यांची तेलकट बोटं लागणार, तो सध्या प्लॉसलच बरा. आणि कृपा करून तो टी-शर्टने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, ब्लोअर रूमवर ठेवलाय.