विद्यार्थ्याचे सर्वांगीण शिक्षण : कॅथलिक शालेय परंपरा आणि कर्मवीरांचे वसतिगृह

गोषवारा :
शालेय शिक्षणाचे ध्येय विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास हे आहे, याविषयी शिक्षणक्षेत्रात फारसा मतभेद नाही. तथापि हे ध्येय प्रत्यक्षात कशामुळे साध्य होते, याची चिकित्सा अभावानेच होते. प्रस्तुत लेखात कॅथलिक माध्यमिक शाळांची शिक्षणदृष्टी आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराड-सातारा परिसरात उभा केलेला वसतिगृहाचा प्रयोग यांचा एकत्रित विचार केला आहे. सर्वांगीण शिक्षण हा अभ्यासक्रमातील स्वतंत्र विषय नसून विद्यार्थ्याच्या दिवसाच्या रचनेतून घडणारा संस्कार आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सर्वांगीण शिक्षण, कॅथलिक शाळा, रयत शिक्षण संस्था, वसतिगृह, श्रमप्रतिष्ठा.

प्रस्तावना :
२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमातील कलम २९ मध्ये बालकाचा सर्वांगीण विकास हे अभ्यासक्रमाचे एक सूत्र म्हणून नमूद केले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विद्यार्थ्याचे स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापनही समाविष्ट असणारे समग्र प्रगतिपत्रक सुचविले आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु सहकार्य, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता अशा गुणांसमोर वर्षअखेरीस श्रेणी लिहिणे निराळे आणि त्या गुणांना वर्षभर वाव देणे निराळे. ज्या मुलाला शाळेत कधी कोणासाठी काही करावेच लागले नाही, त्याच्या सेवावृत्तीची नोंद शिक्षकाने कशाच्या आधारे करावी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना दोन परंपरा विशेष मार्गदर्शक ठरतात. एक युरोपात उगम पावून आपल्याकडे आली. दुसरी कराड तालुक्याच्या मातीत रुजली.

१. कॅथलिक शिक्षणविचार : माणूस अखंड आहे
येशूसंघाने १५९९ मध्ये आपल्या विद्यालयांसाठी ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ ही अध्ययनपद्धतीची संहिता सिद्ध केली. तीत भाषा, साहित्य व तत्त्वज्ञान यांच्या क्रमबद्ध अध्ययनाबरोबरच वादविवाद, नाट्यप्रयोग आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांचा अभ्यास तपासणे यांनाही स्थान होते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे व्यक्तिशः लक्ष पुरविण्याच्या या वृत्तीस पुढे विसाव्या शतकात ‘कुरा पेर्सोनालिस’ ही लॅटिन संज्ञा रूढ झाली. वर्गात साठ मुले असली तरी शिक्षकापुढे साठ स्वतंत्र माणसे बसलेली आहेत, हा तिचा व्यावहारिक अर्थ होय.

एकोणिसाव्या शतकात इटलीतील तुरिन शहरात डॉन बॉस्को (१८१५-१८८८) यांनी निराधार व श्रमिक मुलांसाठी निवास, खेळ, शिक्षण आणि कारागिरीच्या कार्यशाळा यांची सांगड घातली. विवेक, धर्मभाव आणि जिव्हाळा या तीन आधारांवर उभ्या असलेल्या त्यांच्या पद्धतीस प्रतिबंधक पद्धती म्हणतात. मूल चुकल्यावर शिक्षा करण्याऐवजी चुकण्याची वेळच येऊ नये इतके शिक्षकाने त्याच्या सहवासात असावे, हे तिचे मर्म आहे. येथे शिक्षकाची जागा वर्गातील व्यासपीठापुरती राहत नाही. खेळाच्या मैदानावरही तो असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसृत केला. मुलांच्या शारीरिक, नैतिक व बौद्धिक शक्तींचा सुसंवादी विकास व्हावा आणि आईवडील हेच मुलाचे आद्य शिक्षक आहेत, ही त्यातील दोन महत्त्वाची सूत्रे होत. पुढे १९७३ मध्ये येशूसंघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. इतरांसाठी जगणारी माणसे घडविणे हे शिक्षणाचे ध्येय त्यांनी तेथे मांडले आणि सामाजिक न्यायाच्या बाबतीत आपल्या संस्था कमी पडल्याचेही मान्य केले. सर्वांगीण विकासाच्या कल्पनेला यामुळे एक आवश्यक कसोटी मिळाली. सर्व अंगांनी विकसित झालेला माणूस केवळ स्वतःसाठी जगत असेल, तर तो विकास अपुराच म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात पुण्याचे सेंट व्हिन्सेंट हायस्कूल (१८६७) व आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट (१८९५) या संस्था याच परंपरेतील आहेत. अशा शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी अन्य धर्मांचे असताना आत्मिक शिक्षण कसे द्यावयाचे, असा प्रश्न उपस्थित होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार राज्याची मान्यता वा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना धार्मिक शिक्षणास उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. त्यामुळे अशा शाळेला आपला संस्कार धर्मपाठापेक्षा मूल्यशिक्षणाच्या तासातून, सेवाकार्यातून आणि मुख्यतः शिक्षकांच्या वागणुकीतून पोहोचवावा लागतो.

२. कर्मवीरांचा प्रयोग : स्वयंपाकघर हीच शाळा
कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. महात्मा फुले यांचा सत्यशोधक विचार आणि राजर्षी शाहू महाराजांचे कार्य या त्यांच्या प्रेरणा होत्या. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली होती. त्या काळात हे पाऊल क्रांतिकारक होते. मात्र बहुतेक वसतिगृहे जातवार होती. भाऊराव स्वतः कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहिले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमास जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिला व त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. त्यांच्या पुढील कार्याचे बीज या प्रसंगात दिसते.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास आले व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात मुले एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत आणि शेतात राबत. अस्पृश्यता हे पाप आहे असा पाठ फळ्यावर लिहून देण्याची तेथे गरज नव्हती. महार, मराठा, जैन, मुसलमान मुलांनी एकमेकांच्या हातची भाकरी रोज खाल्ली की तो पाठ अंगवळणी पडत होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे बोधवाक्यही याच जीवनक्रमातून आले.

या उभारणीची किंमत मोठी होती. मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, मोडून धान्य आणविले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. वसतिगृहातील मुलांची त्या माउली होत्या, हे विधान केवळ गौरवपर नाही. आईवडील हे आद्य शिक्षक असतील, तर घरापासून दूर आलेल्या गरीब मुलासाठी ती जागा कोणीतरी भरून काढावी लागते, हे त्यातून स्पष्ट होते.

पुढे १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने श्रमाला शिक्षणक्रमात मानाचे स्थान दिले. आज चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये या वटवृक्षाच्या छायेत आहेत.

३. दोन परंपरांचे साम्य व भेद
दोन्ही परंपरांचा आरंभबिंदू भिन्न आहे. कॅथलिक विचार आत्म्यापासून निघतो. कर्मवीरांचा विचार भूक आणि जात या दोन वास्तवांपासून निघतो. पहिल्या परंपरेतील निवासी शाळांचा लाभ आपल्याकडे बव्हंशी फी देऊ शकणाऱ्या कुटुंबांना मिळाला, तर दुसरीने फी देऊ न शकणाऱ्यालाच केंद्रस्थानी ठेवले. उलटपक्षी विद्यार्थ्याचे अंतर्मुख होणे, दिवसाअखेरी स्वतःच्या वर्तनाचे परीक्षण करणे आणि कलांचा व्यासंग यांवर पहिल्या परंपरेने दिलेला भर आपल्या ग्रामीण शाळांना आजही घेण्याजोगा आहे.

तथापि साम्य अधिक मोलाचे आहे. दोन्हींनी मुलाचा संपूर्ण दिवस शिक्षणाचा विषय मानला. शिक्षकाचा सहवास हे मुख्य साधन मानले. आणि स्वतःचे काम स्वतः करणे व दुसऱ्यासाठी काही करणे यांना सवयीचे रूप दिले. सवयीतून स्वभाव घडतो आणि स्वभावातून चारित्र्य, हा क्रम दोहोंना मान्य आहे.

यातील धोकाही लक्षात घेतला पाहिजे. संपूर्ण दिवस संस्थेच्या हाती असला की शिस्तीचे रूपांतर जाचात होण्यास वेळ लागत नाही. श्रम सर्वांना समान असतील तर ती प्रतिष्ठा ठरते. काहींनाच वाट्याला आले तर ती वेठ होते. शाळेची स्वच्छता ठरावीक मुलांकडून, वा केवळ मुलींकडून करून घेणे हे श्रमशिक्षण नव्हे.

४. आजच्या शाळेपुढील प्रश्न
कराड परिसरातील बहुतेक माध्यमिक विद्यार्थी आज अनिवासी आहेत. एस.टी.ने येणारे, शाळा सुटल्यावर खाजगी शिकवणीस जाणारे हे विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी वसतिगृहाचा दिवस जसाच्या तसा उभा करता येणार नाही. त्याची तत्त्वे मात्र आणता येतील. मध्यान्ह भोजनाची पंगत मिश्र बसविणे व वाढपाची पाळी सर्वांना देणे, शिक्षकांनीही त्याच पंगतीत जेवणे, प्रत्येक शिक्षकाकडे ठरावीक मुलांचे पालकत्व सोपवून वर्षातून दोनदा त्यांच्या घरी जाणे, खेळाचा तास गणिताला न देणे, आठवड्यातून एकदा मुलांना शांतपणे स्वतःविषयी लिहावयास लावणे, या गोष्टींना स्वतंत्र अनुदान लागत नाही. त्यांना वेळापत्रकात जागा आणि मुख्याध्यापकांचा आग्रह लागतो. शिक्षकांची रिक्त पदे व अशैक्षणिक कामांचा भार या अडचणी खऱ्या आहेत; त्या दूर करणे ही शासनाची जबाबदारी आहे. मुलाला ओळखायला शिक्षकाला उसंतच मिळाली नाही, तर समग्र प्रगतिपत्रक हा केवळ आणखी एक कागद होईल.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, सर्वांगीण शिक्षण हे पाठ्यक्रमाला जोडावयाचे परिशिष्ट नाही. मूल कोणाबरोबर जेवते, कोणते काम हाताने करते, कोणाची काळजी घेते आणि कोणता शिक्षक त्याला नावानिशी ओळखतो, यावर ते अवलंबून असते. तुरिनच्या कार्यशाळेने आणि साताऱ्याच्या धनिणीच्या बागेने एकमेकांची ओळख नसताना हेच सिद्ध केले. ज्या तालुक्यात या प्रयोगाची पहिली कुदळ पडली, त्या तालुक्यातील शाळांनी आपले वेळापत्रक या दृष्टीने एकवार तपासून पाहणे अगत्याचे आहे.