डग्गा कोठे गेला?

आमच्या शेजारी नववीत शिकणारा एक मुलगा राहतो. तो तबला शिकतो. गुरुजी प्रत्येक कायदा त्याच्या फोनवर ध्वनिमुद्रित करून देतात आणि घरी तो ऐकून मुलगा रियाज करतो. एके दिवशी तो तक्रार घेऊनच आला. "काका, तबल्याचा 'ना' अगदी स्वच्छ ऐकू येतो, पण डग्ग्याचा 'घे' नुसता टपटप वाजतो. घुमारा येतच नाही. बाबा म्हणतात, फोन स्वस्तातला आहे म्हणून असं होतं. दिवाळीला महागातला घेऊ."

ती रक्कम त्या घराला थोडीथोडकी नव्हती. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी डग्गा नेमका कोठे हरवतो, याचा शोध घ्यायचे आम्ही दोघांनी ठरवले.

प्रथम त्याच फोनला तारेचा साधा इअरफोन जोडला आणि तेच ध्वनिमुद्रण लावले. मुलाचे डोळे विस्फारले! डग्गा जागच्या जागी होता, घुमाऱ्यासकट. म्हणजे फोनच्या मायक्रोफोनने तो टिपला होता, साठवणीतही तो शाबूत होता आणि आकड्यांचे पुन्हा विद्युत्-लहरींत रूपांतर करणारी चिपही आपले काम चोख करीत होती.

जाहिरातींत गाजावाजा होतो तो बहुधा या चिपचा. वास्तविक, ही विद्या आता स्वस्त झाली आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदलेली असे. तेवढे काम आज बहुतेक साधे फोनही करतात. २०१६ साली अॅपल कंपनीने आयफोन ७ मधून इअरफोनचे भोक काढून टाकले आणि जुन्या इअरफोनसाठी बोटभर तारेचा एक जोड दिला. रूपांतर करणारी चिप आणि छोटा प्रवर्धक, दोन्ही त्या जोडाच्या चिमुकल्या टोकात मावले होते!

मग चोर कोण? उरला तो स्पीकर.

स्पीकरची रचना तुम्हांला ठाऊक असेल. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्-प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते आणि त्याला चिकटवलेला पातळ पडदा हवा ढकलतो. राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ मध्ये मांडलेली हीच रचना थोड्याफार फरकाने फोनमध्येही असते. फक्त इथे पडदा बोटाच्या नखाएवढा आणि फोनची जाडी जेमतेम ८ मिलिमीटर.

आता खरी मेख पाहा. दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे कंप्रता. कंप्रता निम्मी झाली, तर तेवढ्याच जोराचा आवाज काढण्यासाठी पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. समजा, ८०० हर्ट्झच्या स्वराला पडदा ०.०२ मिलिमीटर हलतो. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास धरू. कंप्रता आठपट कमी, म्हणून हालचाल चौसष्टपट, म्हणजे १.२८ मिलिमीटर हवी. फोनमध्ये पडद्याला सरकायला जागा असते ती मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी. डग्गा वाजणार कसा?

तुम्ही विचाराल, मग वडिलांचा भरदार आवाज फोनच्या स्पीकरवर ओळखू कसा येतो? त्याचीही मूळ कंप्रता १२० हर्ट्झच्या जवळपासच असते. पण त्या आवाजात २४०, ३६०, ४८०, ६०० अशी पटीतली कंपनेही भरपूर असतात. स्पीकर वरची कंपने ऐकवतो आणि त्यांच्यातले १२० चे सारखे अंतर ओळखून आपला मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यात मूळ कंपनाचाच वाटा मोठा. त्यामुळे मेंदूला धागा सापडत नाही.

इअरफोनचा पडदाही लहानच असतो, मग त्याला हे कसे जमते? त्याला खोलीभर हवा हलवायची नसते. कानाच्या बंद नळीतली दोनएक घन सेंटिमीटर हवा दाबली की झाले. इअरफोन कानापासून किंचित दूर धरा, डग्गा लगेच नाहीसा होईल.

महागड्या फोनमध्ये पैसा वाया जातो असे मात्र नाही. पडद्यामागे मोठी बंद पोकळी असते, चुंबक जोरदार असतो. २०१३ च्या एचटीसी वन या फोनच्या दर्शनी बाजूला दोन स्पीकर होते. आयफोन ७ ने कानाशी धरायच्या स्पीकरलाच दुसऱ्या स्पीकरच्या कामाला जुंपले. काही फोनचा प्रवर्धक तर वेटोळ्यातला विद्युत्-दाब आणि प्रवाह सतत मोजून ते किती तापले, पडदा किती सरकला याचा अंदाज घेतो आणि धोक्याच्या रेषेपर्यंत त्याला राबवतो. ही युक्ती मला फार आवडते. स्वस्त फोनचा आवाज मोठा केला की फाटतो, याचा तसा फाटत नाही. खालचे स्वरही थोडे अधिक येतात. पण चौपटीचा नियम त्यालाही चुकत नाही. ब्लूटूथ इअरफोन वापरला, तर रूपांतर करणारी चिप इअरफोनमध्येच असते. तेथे फोनच्या किमतीचा प्रश्नच गौण होतो.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग सांगतो. वेगवेगळ्या कंप्रतेचा स्वर काढणारे अॅप घ्या. दोन निरनिराळ्या किमतींचे फोन सारख्या अंतरावर ठेवून १,००० हर्ट्झपासून खाली या. कोणता फोन कोठे मुका होतो ते वहीत लिहा. आपला कानही खालच्या स्वरांना थोडा मंदच असतो, हे शिक्षकांनी लक्षात आणून द्यावे. इअरफोनवर हा प्रयोग करताना आवाज बेताचाच ठेवा. ऐकू येत नाही म्हणून वाढवत नेलात, तर पुढच्या स्वराला कानाला इजा होईल.

आमच्या तबलजीने दिवाळीपर्यंत न थांबता तारेचाच इअरफोन घेतला. परवा तो विचारत होता, फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला की आवाज केवढा मोठा होतो, मग डग्गा का परत येत नाही? पातेले घेऊन तुम्हीही पाहा, मोठा होतो तो नेमका कोणता आवाज.