वायुचलित कोरणी : हाताची पकड व कार्यतंत्र

प्रस्तावना : धातूवरील कोरीवकामात दोन पद्धती परंपरेने रूढ आहेत. तळहाताच्या दाबाने कोरणी पुढे सारणे ही एक, तर छिन्नीवर हातोडीचे हलके घाव घालणे ही दुसरी. वायुचलित कोरणीत या दोहोंचा संयोग आढळतो. दाबयुक्त हवेमुळे हँडपीसमधील लहानसा दट्ट्या वेगाने मागेपुढे होतो व त्याचे आघात कोरणीच्या टोकापर्यंत पोहोचतात. म्हणजेच धातू कापण्याचे बल प्रामुख्याने यंत्र पुरविते. हाताकडे दिशा व खोली यांचे नियंत्रण उरते. ही विभागणी लक्षात न घेतल्यास हात विनाकारण जोर लावतो व त्यातून अनेक दोष उद्भवतात.

पकड : हँडपीसची मूठ तळहाताच्या खळग्यात विसावते. तर्जनी हँडपीसच्या बाजूने सरळ राहते, तर अंगठा वस्तूवर किंवा शेगड्यावर टेकविला जातो. या आधारामुळे कोरणी निसटली तरी ती फार पुढे जात नाही. दुसऱ्या हाताची बोटे कोरणीच्या मार्गात कधीही असू नयेत.

कोन व गती : मूठ वर उचलल्यास टोक खोल रुतते, खाली झुकविल्यास ते धातूबाहेर येऊन घसरते. म्हणून सरळ रेषेत कोन कायम राखणे महत्त्वाचे ठरते. वक्ररेषेसाठी कोरणीचा हात जवळजवळ स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने शेगडा फिरविला जातो. आघातांची तीव्रता सामान्यतः पायाच्या पेडलने नियंत्रित होते. टोक बोथट झाल्यास जोर न वाढविता त्यास धार लावणे हाच योग्य उपाय होय.

आरोग्याचा प्रश्न : ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील बेडफर्ड (इंडियाना) येथील पाथरवटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वायुचलित हातोडी वापरणाऱ्या या कामगारांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडत. छिन्नी घट्ट धरणारा डावा हात अधिक बाधित असे. कोरीवकामाचा हँडपीस त्या हातोडीच्या तुलनेत अत्यंत लहान असतो. तथापि पकड जितकी घट्ट, तितकी कंपने हातात अधिक उतरतात, हे तत्त्व येथेही लागू पडते.

समारोप : सारांश, सैल परंतु स्थिर पकड ही केवळ रेषेच्या सौंदर्याची नव्हे, तर कारागिराच्या बोटांतील संवेदनेचीही हमी आहे. म्हणूनच व्यावसायिक अभ्यासक्रमांत यंत्राच्या परिचयाआधी हाताच्या शिस्तीला स्थान मिळणे आवश्यक ठरते.