तिसरी तालीम

तालीम या एका शब्दाच्या छायेत आपल्या बडोद्यात दोन विद्या नांदल्या. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या आखाड्यातली ती एक तालीम. आणि १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली, तिच्यात गुरूसमोर बसून मिळे ती दुसरी. या दोहोंशी नाते सांगणारी एक तिसरी तालीम अमेरिकेतील विद्यापीठांत चालते. खेळाडूच्या मनाचे शास्त्र शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला तेथे जाणत्याच्या देखरेखीखाली मैदानावर काम करावे लागते.

पुस्तकी अभ्यास पुरेसा का होत नाही, हे कोलमन ग्रिफिथ यांच्या हकिगतीवरून कळते. १९२५ साली त्यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी त्यांना संघाबरोबर काम करण्यास नेमले. परंतु संघाचे व्यवस्थापक चार्ली ग्रिम यांना हा उपद्व्यापच वाटला, आणि ग्रिफिथ यांची विद्या मैदानाच्या कडेलाच राहिली. मालकाने धाडलेला मनुष्य आपली टिपणे कोणाला दाखविणार, हा संशय जेथे आहे तेथे खेळाडू मन कसे मोकळे करील? विद्येत उणे नव्हते. पण विश्वास काही ग्रंथात बांधून नेता येत नाही.

उपयोजित क्रीडामानसशास्त्राची तेथील संघटना १९८५ साली स्थापन झाली. तिच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी आणि परीक्षा तर हवीच. शिवाय मार्गदर्शकाच्या नजरेखाली किमान ४०० तासांचे काम हवे. त्यांतले निदान २०० तास प्रत्यक्ष माणसांबरोबर गेले पाहिजेत. ती माणसे खेळाडूच असावीत असे नाही. रंगमंचावर उभे राहणारे कलावंतही चालतात.

असा विद्यार्थी महाविद्यालयाच्या एखाद्या संघाबरोबर जातो तेव्हा आरंभी त्याचे काम पाहण्याचे आणि ऐकण्याचे. सराव कसा चालतो, हरल्यावर कोण गप्प होतो, प्रशिक्षकाचा आवाज चढला की कोणाचे खांदे पडतात, हे त्याने टिपायचे. पुढे श्वास सावरणे, खेळ मनापुढे आणणे, चुकल्यावर स्वतःशी काय बोलावे, अशा गोष्टी तो शिकवितो. मी अजून विद्यार्थी आहे आणि माझे काम अमुक मार्गदर्शक पाहतात, हे खेळाडूला आधीच सांगावे लागते. खेळाडूने विश्वासाने सांगितलेले प्रशिक्षकाच्या कानी घालायचे नाही. मन खरोखरच आजारी दिसले, तर आपली मर्यादा ओळखून त्याला योग्य चिकित्सकाकडे पोचवायचे. मार्गदर्शकापुढे बसून झाल्या कामाची उजळणी होते. खेळाडूची संमती असेल तर ध्वनिमुद्रणही ऐकले जाते. तू तेथे का बोललास, असा प्रश्न तेव्हा येतो आणि उत्तर द्यावेच लागते.

गाणे शिकविणाऱ्याला यात काहीच परके वाटणार नाही. शागीर्द मागे तंबोऱ्यावर बसतो, तेव्हा त्याला आधी समजते ते कोठे थांबावे हे. बुजुर्गाच्या समोर चुकलेला सूर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. एकट्याने घोटलेला बेसूर मात्र गळ्यात कायमचा बसतो. आणि येथे तर शिकाऊ माणसाच्या हाती वाद्य नाही, एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा आत्मविश्वास आहे. वाद्याची तार तुटली तर नवी चढविता येते.

२०११ साली विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या क्रिकेट संघाबरोबर पॅडी अप्टन हे मनाच्या तयारीचे मार्गदर्शक म्हणून होते. तेव्हापासून खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांच्या तोंडीही हा विषय आला आहे, आणि ते चांगलेच आहे. मात्र मुलाला कोणाच्या हवाली करण्यापूर्वी, नवा गवई गावात आला म्हणजे आपल्या घरांतून जो प्रश्न पहिल्याने विचारीत, तोच येथेही विचारावा. पदवी कोणती, हे मागाहून. आधी, गंडा कोणाचा?