ओंडक्यांच्या वाटेने तळ्याकडे

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांत दडलेल्या अनेक तळ्यांकडे जाणारे खडीचे रस्ते सहलीसाठी नव्हे, तर तोडलेल्या झाडांचे ओंडके खाली आणण्यासाठी काढलेले आहेत, आणि हे ध्यानात घेतले की त्यांच्या अरुंदपणाचा व त्यांवरील शिस्तीचा उलगडा होतो. फ्रेझर नदीकाठच्या बोस्टन बारहून नदी ओलांडून नाहाटलॅच तळ्यांकडे जाणारी वाट अशीच एक. या ‘वनसेवा रस्त्यां’वर बऱ्याच ठिकाणी एकच गाडी मावते, म्हणून मधूनमधून बाजू देण्यापुरती रुंद जागा राखलेली असते. ट्रकचालक ठरलेल्या रेडिओ वाहिनीवर रस्त्याचे नाव, किलोमीटर आणि दिशा पुकारत येतात. लादलेल्या ट्रकला उतारावर चटकन थांबता येत नसल्याने वाट त्यालाच द्यावी लागते. ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याने प्रत्येक आंधळ्या वळणामागे ट्रक आहे असेच धरून चालावे.

गाडी खिळखिळी करतात त्या रस्त्यावर आडव्या उमटलेल्या, जवळपास सारख्या अंतरावरच्या लहरी. त्यांचा दोष स्प्रिंगांना देण्याचा मोह होतो. परंतु टोरांटो विद्यापीठाचे स्टीफन मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी 2007 मध्ये वाळूच्या फिरत्या थरावर चाक चालवून दाखवले की स्प्रिंग नसलेल्या चाकाखालीही, ठराविक वेग ओलांडताच, सुट्या कणांवर त्या आपोआप तयार होतात. ही मर्यादा इतकी कमी आहे की वापरातल्या रस्त्यावर लहरी टाळणे जवळजवळ अशक्यच.

रस्त्याचा खरा वैरी मात्र पाणी आहे. ते ओसरावे म्हणून रस्त्याचा मध्य उंच ठेवतात, कडेने चर खणतात आणि ओढ्यांवर मोऱ्या घालतात. पण एखादी मोरी पालापाचोळ्याने तुंबली, तर पाणी रस्त्यावरून वाहते आणि दरीकडची कड खचते. म्हणूनच लाकूडतोड संपल्यावर काही रस्ते मुद्दाम निकामी केले जातात, म्हणजे मोऱ्या उपसून तेथे खोल आडवे चर खणले जातात. बुटक्या गाडीचे पोट त्यांत अडकते, आणि प्रवाशांची त्यावर नेहमीचीच तक्रार असते. तरीही हा निर्णय योग्यच आहे, कारण खचलेल्या रस्त्याचा गाळ सामन माशांच्या अंडी घालण्याच्या ओढ्यांत साचला, तर त्यांची पैदास धोक्यात येते.

टोकदार खडीने टायर सहज फाटतो, त्यामुळे पूर्ण आकाराची स्टेपनी जवळ असावी, आणि उतरताना खालच्या गियरमध्ये इंजिनालाच गाडी रोखू द्यावी, म्हणजे लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होत नाहीत.